पत्रपेटी : अधिकार येशूचा, तयारी आपली

‘विश्वासणाऱ्याचा अधिकार (येशूच्या नावात वाइटाला नाकारण्याचा) आणि जागृत जीवन’ या विषयावर वाचकांकडून प्रश्न मागवले होते. आलेली पत्रे बहुतेक दोन टोकांची आहेत. काहींना अधिकार म्हणजे चढा आवाज वाटतो, तर काहींना ‘आपण साधी माणसं, हे पाळकसाहेबांचं काम’ असे वाटते. निवडक पत्रे थोडक्यात देऊन उत्तरे देत आहोत. पवित्र शास्त्र शेजारी उघडे ठेवून वाचावे.

प्रश्न : आमच्या कॉटेज मीटिंगमध्ये (घरी भरणाऱ्या प्रार्थनासभेत) हल्ली प्रत्येक जण “सैताना, येशूच्या नावात तुला बांधतो” असे जोरजोरात म्हणतो. मला ते जमत नाही. मला अधिकार मिळालेला नाही का?
— एक भगिनी, श्रीरामपूर

उत्तर : मिळालेला आहे, ताई. आवाजाशी त्याचा काही संबंध नाही.

मत्तय ८:५-१० काढा. कफर्णहूमचा रोमी शताधिपती येशूला सांगतो की आपण घरी यायची गरज नाही, शब्द बोला म्हणजे चाकर बरा होईल. कारण देताना तो आधी म्हणतो की मी स्वतः दुसऱ्याच्या हुकमात आहे, आणि मग म्हणतो की माझ्या हाताखाली शिपाई आहेत. हा क्रम महत्त्वाचा. त्याच्या एका शब्दावर शिपाई हलायचा, कारण तो स्वतः वरच्या हुकमाला बांधलेला होता. याकोब ४:७ मध्येही तेच आहे: आधी देवाच्या अधीन व्हा, मग सैतानाला अडवा. पुष्कळ सभांत या वचनाचा पहिला अर्धा भाग गाळून दुसराच म्हटला जातो आणि मग काही घडत का नाही याचे नवल केले जाते.

उलटे उदाहरण प्रेषितांची कृत्ये १९:१३-१६ मध्ये आहे. इफिस शहरात स्कवा नावाच्या याजकाचे सात मुलगे, पौल ज्याची घोषणा करतो त्या येशूच्या नावाने भुते काढू पाहत होते. दुरात्मा म्हणाला, येशूला मी ओळखतो, पौलही मला माहीत आहे, पण तुम्ही कोण? सातही जण उघडे आणि जखमी होऊन घराबाहेर पळाले. त्यांनी घेतलेले नाव बरोबर होते, पण नाव ज्याचे त्याच्याशी यांची ओळख नव्हती. यहूदाच्या पत्रातील ९वे वचनही वाचा. आद्यदेवदूत मीखाएल सैतानाशी वाद घालताना स्वतः दूषण देत नाही, ‘प्रभू तुला धमकावो’ एवढेच म्हणतो. आपण मीखाएलापेक्षा वरचढ नाही.

तुमच्या मीटिंगसाठी एक साधी रीत सुचवतो. प्रथम प्रभूचे आभार. मग एक उतारा मोठ्याने वाचावा, मार्क ५ किंवा स्तोत्र ९१. मग दोन मिनिटे शांत राहून प्रत्येकाने आपापले पाप कबूल करावे. त्यानंतर ज्याच्यासाठी जमलो त्याचे नाव घेऊन देवाकडे सरळ शब्दांत मागावे. वाइटाला नाकारायचे तर एक वाक्य पुरते. शेवटी प्रभूची प्रार्थना. ‘आम्हांला वाइटापासून सोडव’ ही मागणी तिच्यात आहेच. एवढ्याला पंधरा-वीस मिनिटे लागतात. आणि कधी तरी मोजून पाहा: तुमच्या प्रार्थनेतली किती वाक्ये देवाला उद्देशून आहेत आणि किती सैतानाला? दुसरी जास्त भरली तर रीत बदलायची वेळ आली आहे.

प्रश्न : माझ्या एकोणीस वर्षांच्या भाचीला काही महिन्यांपासून आवाज ऐकू येतात, रात्र रात्र झोप नाही. लहानपणापासून फिटचा त्रास आहे, गोळ्या चालू आहेत. एक प्रार्थना गट म्हणतो की हा आत्म्याचा त्रास आहे, गोळ्या बंद करा, तीन दिवस कोंडून उपास घडवा, विश्वास दाखवा. काय करावे?
— एक मावशी, जालना

उत्तर : गोळ्या बंद करू नका. हे पहिले वाक्य आजच्या आज तिच्या आईवडिलांना वाचून दाखवा.

फिटच्या गोळ्या एकाएकी थांबवल्या की झटके वाढतात, एकामागून एक येत राहतात आणि त्यात जीव जाऊ शकतो. उपास आणि जागरण यांनीही झटका ओढवतो. म्हणजे या गटाने सांगितलेल्या गोष्टी तिला आणखी आजारी करणाऱ्या आहेत आणि त्यातून येणाऱ्या झटक्याला उद्या ‘आत्मा चिडला’ असे नाव मिळेल.

शास्त्र काय म्हणते तेही पाहा. मत्तय ४:२४ मध्ये येशूकडे आणलेल्यांची यादी आहे, तिच्यात भूतग्रस्त वेगळे, फेफरेकरी वेगळे आणि पक्षघाती वेगळे लिहिले आहेत. शुभवर्तमानकाराला हा भेद कळत होता. पौलाचा सोबती लूक वैद्य होता (कलस्सै ४:१४), आणि पोटाच्या दुखण्यासाठी तीमथ्याला पौलाने थोडा द्राक्षारस घ्यायला सांगितले (१ तीमथ्य ५:२३), भूत काढायला नाही. मिरजेला डॉ. वानलेस यांनी १८९४ मध्ये मिशनचे रुग्णालय सुरू केले. प्रार्थना आणि औषध एकाच छताखाली नांदणे महाराष्ट्रातल्या मंडळ्यांना नवे नाही.

आता कामाचे. मुलीला तिच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे आणि मानसोपचारतज्ज्ञाकडे न्या. आवाज कधी सुरू झाले, काय सांगतात, झोप किती तास, गोळी कधी चुकली, हे कागदावर लिहून न्या. आवाज ‘स्वतःला संपव’ असे सांगत असतील, किंवा सोबत ताप, डोकेदुखी, असंबद्ध बोलणे असेल, तर त्याच दिवशी रुग्णालयात न्यायचे. टेलि-मानस ही सरकारी सेवा १४४१६ क्रमांकावर चोवीस तास विनामूल्य आहे, मराठीत बोलता येते. झटका आला तर घड्याळ पाहा, डोक्याखाली मऊ काही द्या, तिला कुशीवर वळवा, तोंडात चमचा किंवा बोट घालू नका, चप्पल किंवा कांदा हुंगवू नका, हातपाय दाबून धरू नका. पाच मिनिटांत थांबला नाही किंवा लगोलग दुसरा आला तर १०८.

प्रार्थना जरूर करा, तीही नेमाने. याकोब ५:१४ प्रमाणे मंडळीच्या वडिलांना बोलवा. मुलगी हो म्हणाली तरच. आई किंवा दुसरी बाई जवळ असावी, दार उघडे असावे. कपाळाला तेलाचे एक बोट पुरे, घरातले खोबरेल चालते. त्यासाठी पैसे मागणाऱ्या माणसाला दारातूनच परत पाठवा (मत्तय १०:८). अर्ध्या तासात आटोपून तिला जेवू घाला, गोळी द्या, झोपू द्या. तिच्यासमोर ‘तुझ्यात काहीतरी आहे’ असे कोणी बोलणार नाही याची जबाबदारी तुम्ही घ्या. आजारापेक्षा या वाक्याने मुली जास्त खचतात.

कोंडणे, बांधणे, मारणे, मिरचीची धुरी देणे हे प्रकार आपल्याही लोकांत ‘सुटका सेवा’ या नावाखाली होतात. महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यात भूत उतरवण्याच्या बहाण्याने बांधणे, मारहाण करणे, धुरी देणे हे गुन्हे आहेत. शिक्षा सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत, दंड पाच ते पन्नास हजार. कोणाचेही नाव घेऊन केले तरी ते गुन्हेच. प्रार्थनेला हा कायदा आड येत नाही.

प्रश्न : इफिस ६ मधील शस्त्रसामग्री (सत्याचा कमरबंद, विश्वासाची ढाल, वचनाची तलवार वगैरे) रोज सकाळी एकेक नाव घेऊन, हाताने चढवण्याची खूण करून म्हणावी असे शिकवले जाते. न म्हटल्यास दिवसभर उघडे राहतो का?
— एक युवक, सोलापूर

उत्तर : लहान मुलांना शिकवायला हाताच्या खुणा चांगल्या आहेत. पण न म्हटल्याने देवाचे संरक्षण निघून जात असेल तर तो ताईत झाला.

पौलाने हे लिहिले तेव्हा तो बेड्यांत होता (६:२०), पहारेकरी शिपाई त्याला रोज दिसत असणार. तरी उरस्त्राण आणि शिरस्त्राण त्याने यशया ५९:१७ मधून घेतले आहे, तिथे ते परमेश्वर स्वतः घालतो. म्हणजे सामग्री त्याची, अंग आपले. शिवाय आज्ञा अनेकवचनी आहेत, साऱ्या मंडळीला दिलेल्या. एकटा शिपाई ढाल कितीही घट्ट धरो, त्याची पाठ उघडीच राहते.

कमरबंदापासून सुरुवात करा, कारण सैल झगा खोचल्याशिवाय बाकी काही चढत नाही. कमरबंद म्हणजे सत्य. ते कुठे सुटते? ‘बाबा घरी नाहीत म्हणून सांग’, हजेरीपटावर मित्राची सही, गाडीच्या विम्यासाठी खोटे बिल. एका आठवड्यासाठी एवढेच करून पाहा: रोज रात्री त्या दिवशी बोललेले खोटे वहीत लिहा आणि दुसऱ्या दिवशी त्यातले एक तरी जाऊन दुरुस्त करा. तिसऱ्या-चौथ्या दिवशी आपण किती सैल कमरेने फिरत होतो ते कळते. खोटे बोलून आलेला माणूस रात्री प्रार्थनेत अधिकाराने बोलू शकत नाही, त्याचा स्वतःवरच विश्वास बसत नाही.

तलवार म्हणजे वचन. अरण्यात सैतानाने मोह घातला तेव्हा येशूने तिन्ही उत्तरे जुन्या करारातील ‘अनुवाद’ या पुस्तकातून दिली (८:३, ६:१६, ६:१३). पण सैतानानेही स्तोत्र ९१ म्हणून दाखवले होते. म्हणून सुटे वचन पाठ करू नका, आजूबाजूचा परिच्छेद घ्या. आठवड्याला एक परिच्छेद पुरतो. पहिल्या दिवशी हाताने लिहून काढा, दुसऱ्या, चौथ्या आणि सातव्या दिवशी न पाहता म्हणा, पंधरा दिवसांनी पुन्हा. मोबाइलवर आलेले चित्रातले वचन पुढे पाठवणे हे पाठांतरात धरायचे नाही. बाकीच्या सामग्रीबद्दल फार लिहायला नको. कंबर आणि तलवार नीट असली की ती कशी वापरायची ते समजू लागते.

प्रश्न : मी चाकणला तीन पाळ्यांत काम करतो. पहाटे चारला उठून प्रार्थना करणारेच ‘जागे’ असे संदेशात ऐकतो. रात्रपाळी करून आल्यावर बायबल हातात घेतले की झोप लागते. अपराधी वाटते.
— एक कामगार

उत्तर : बंधू, मत्तय २५ मधील दहा कुमारींची गोष्ट पुन्हा वाचा. वराला उशीर झाला तेव्हा दहाही जणींना डुलक्या लागल्या, शहाण्यांनासुद्धा. झोपल्याबद्दल त्यांना कोणी बोलले नाही. फरक भांड्यातल्या तेलाचा होता, आणि ते आधीच भरून ठेवावे लागते.

नव्या करारात २६० अध्याय आहेत. आठवड्याला पाच वाचले तर ५२ आठवड्यांत बरोबर पूर्ण होतात, दोन दिवस सुट्टी राहते. एका अध्यायाला पाच ते दहा मिनिटे लागतात. पहिल्या पाळीला कामावरून आल्यावर, दुसऱ्या पाळीला निघण्यापूर्वी आणि रात्रपाळीला झोप झाल्यावर, चहानंतर वाचा. घड्याळाची वेळ ठरवू नका, पाळीशी जोडा. पाळी बदलते तसे वाचन आपोआप सरकते. रात्रपाळी संपवून डोळे मिटत असताना वाचायला बसू नका. चुकलेले दिवस भरून काढण्याच्या नादी लागू नका, त्यातच बहुतेकांची वही फेब्रुवारीत बंद पडते. आजच्या तारखेचा अध्याय वाचा आणि पुढे जा.

प्रश्न : दुःखसहनाच्या आठवड्यात (ईस्टरच्या आधीच्या) आम्ही चोवीस तासांची साखळी प्रार्थना ठेवतो. रात्री दोननंतर साखळी तुटते. मंडळी लहान आहे, साठेक कुटुंबे.
— सचिव, युवक संघ, अहिल्यानगर जिल्हा

उत्तर : जर्मनीतल्या हेर्नहूट गावी मोरेव्हियन या ख्रिस्ती पंथाच्या लोकांनी १७२७ मध्ये अशी साखळी सुरू केली ती शंभराहून अधिक वर्षे चालली. सुरुवातीला चोवीस पुरुष आणि चोवीस बायका होत्या, दर तासाला एक पुरुष आणि एक बाई, वेगवेगळे. म्हणजे कोणताही तास एकाच माणसावर नव्हता. तुमच्याकडे बहुधा तेच चुकते आहे.

अर्ध्या तासाचे घर धरले तर चोवीस तासांना ४८ घरे होतात. रात्री दीड ते साडेचार ही सहा घरे आधी भरा, आणि प्रत्येकात दोन माणसे ठेवा. त्या वेळी एरवीही जागे असणारे शोधा: रात्रपाळीच्या नर्स, दूधवाले, तान्ह्या बाळाच्या आया. उत्साही कॉलेजकुमार रात्री तीनला हमखास झोपतात, त्यांना पहाटे साडेपाच द्या. प्रार्थना आपापल्या घरी. रात्री बायकांना आणि म्हाताऱ्यांना देवळापर्यंत चालवत आणू नका. आपले घर संपायच्या पाच मिनिटे आधी पुढच्याला फोन करायचा, मेसेज नाही. दोन फोन उचलले नाहीत तर राखीव माणसाला करायचा. असे दोघे ठेवा. सगळ्यांना एकच कागद द्या, त्यावर एक उतारा आणि चार-पाच विषय नावानिशी लिहा. ‘देशासाठी, जगासाठी’ असे मोघम विषय सात मिनिटांत संपतात, मग माणूस पेंगतो.

माणसे कमीच पडली तर संध्याकाळी सहा ते सकाळी सहा ठेवा. पंडिता रमाबाईंनी १९०५ च्या जानेवारीत केडगावच्या मुक्ती सदनात रोजच्या प्रार्थनेला सुरुवात केली तीही एका गटापासून, आणि जूनअखेर तिथे संजीवनाची, म्हणजे विश्वास नव्याने जागा होण्याची, लाट आली. साखळी तुटली म्हणून देव रागावत नाही, पण रजिस्टरवर खोटी सही कोणी करू नये.

प्रश्न : आमचे पास्टर “अभिषिक्ताला हात लावू नका” हे वचन सांगून लग्न, नोकरी, घरखरेदी सगळ्याला त्यांची परवानगी घ्यायला लावतात. हिशेब विचारला की बंडखोर ठरवतात. आज्ञा मोडली तर शाप लागेल का?
— नाव न छापण्याच्या अटीवर, नाशिक रोड

उत्तर : शाप लागणार नाही. ते वचन (स्तोत्र १०५:१५) अब्राहाम, इसहाक, याकोब यांना राजांनी त्रास देऊ नये म्हणून आहे, हिशेब टाळण्यासाठी नाही. पेत्र वडिलांना बजावतो की कळपावर धनीपण करू नका, कित्ते व्हा (१ पेत्र ५:३). खुद्द पेत्राला पौलाने अंत्युखियात तोंडावर विरोध केला (गलती २:११), आणि त्यासाठी पौलाला कोणी बंडखोर म्हटले नाही.

पैशाबाबत पौल इतका सावध होता की वर्गणी पोचवायला त्याने सोबत दुसरी माणसे दिली, कोणी दोष लावू नये म्हणून (२ करिंथ ८:१८-२१). तुमच्या मंडळीत हे मागा: अर्पण उपासनेनंतर लगेच, एकमेकांचे नातेवाईक नसलेल्या दोघांनी मोजायचे; नोटांची फोड लिहून दोघांनी सही करायची; पुढच्या कामाच्या दिवशी बँकेत भरायचे; खाते मंडळीच्या नावावर, दोन सह्यांचे; महिन्याचा जमाखर्च फलकावर. प्रामाणिक पाळकाला याने हायसे वाटते.

बोलायचे ते मत्तय १८:१५-१७ च्या पायऱ्यांनी, आधी एकट्याने, मग दोघा-तिघांसह. पण मुलाशी किंवा बाईशी गैरवर्तनाचा प्रश्न असेल तर या पायऱ्या लावत बसायचे नाही. ११२ (पोलीस) किंवा १०९८ (मुलांसाठीची हेल्पलाइन) ला फोन करायचा. लहान मुलांच्या बाबतीत पॉक्सो कायद्याने (२०१२) माहिती असणाऱ्याने पोलिसांना कळवणे सक्तीचे आहे, ‘मंडळीची बदनामी’ हे कारण चालत नाही.

प्रश्न : माझा मुलगा व्हिडिओ पाहून म्हणतो की प्रभूचे येणे याच वर्षी आहे, परीक्षा देऊन काय उपयोग? तयारी म्हणजे नक्की काय करायचे?
— एक वडील, लातूर

उत्तर : अमेरिकेत विल्यम मिलर या उपदेशकाच्या अनुयायांनी प्रभूच्या येण्याची २२ ऑक्टोबर १८४४ ही तारीख धरली होती. काहींनी शेतातले पीक काढलेच नाही. तारीख उलटली, आणि हजारो लोक विश्वासात ठेचाळले. तो दिवस कोणालाच ठाऊक नाही असे सांगणारे मत्तय २४:३६ त्यांच्याही बायबलात होते. थेस्सलनीकात काही जण काम सोडून लुडबूड करत होते, त्यांना पौलाने सांगितले की काम करायचे नसेल तर खाऊही नका (२ थेस्स. ३:१०-११). मुलाला हे वाचून दाखवा आणि हॉलतिकीट हातात द्या. मत्तय २४:४५-४६ मधला धन्य दास धनी आला तेव्हा इतरांना वेळेवर जेवण वाढत होता.

आणि तयारीच करायची तर तुम्ही करा. हिज्कीयाला यशयाने निरोप दिला होता की आपल्या घराची व्यवस्था कर (यशया ३८:१). देणी-घेणी एका वहीत लिहा. ज्याच्याशी बोलणे बंद आहे त्याच्या घरी जा. बँक खात्यांचे आणि विम्याचे नामनिर्देशन तपासा. मृत्युपत्र करा: ख्रिस्ती माणसाला भारतीय उत्तराधिकार अधिनियम, १९२५ लागू आहे. साधा कागद चालतो, स्टँप लागत नाही, नोंदणी सक्तीची नाही पण केलेली बरी. तुमच्या सहीला दोन साक्षीदार हवेत, त्यांनी तुमच्या समोर सही करायची. इथे आपली माणसे हमखास चुकतात: ज्याला काही देणार त्यालाच, किंवा त्याच्या बायकोला, साक्षीदार करतात. कलम ६७ प्रमाणे त्याला दिलेले तेवढे रद्द होते. लग्नाआधी केलेले मृत्युपत्र लग्नानंतर आपोआप रद्द होते, ते नव्याने करावे लागते. मृत्युपत्र नसेल तर विधवेला एक तृतीयांश आणि मुलांना दोन तृतीयांश, मुलगा-मुलगी सारखेच. गोव्यात मालमत्ता असेल तर तिथला कायदा वेगळा आहे, तिथल्या वकिलाला विचारूनच लिहा.

प्रश्न : ऑफिसात कोणी विश्वासाबद्दल विचारले की तोंडात शब्द येत नाही.
— एक वाचक, ठाणे

उत्तर : १ पेत्र ३:१५ मध्ये सांगितलेली तयारी विचारणाऱ्याला उत्तर देण्याची आहे, न विचारणाऱ्याला गाठण्याची नाही, आणि तीही सौम्यतेने. तीन मिनिटांत सांगता येईल एवढे कागदावर लिहा: येशू कोण, त्याने तुमच्यासाठी काय केले, आज तुमच्या जगण्यात काय वेगळे आहे. ‘उद्धार’, ‘अभिषेक’, ‘संजीवन’ हे शब्द काढून टाका, ते बाहेरच्याला कळत नाहीत. घरच्यांसमोर मोठ्याने म्हणून पाहा. समोरच्याचा धर्म, देव, सण यांच्याबद्दल एकही वाईट शब्द नको. आणि जेवणाच्या सुट्टीत विचारले असेल तर सुट्टी संपताच थांबा, पुढचे त्याने पुन्हा विचारल्यावर.